मगरबाईची निम्मी बाटली

जुळ्या बहिणींत थोरली कोण आणि धाकटी कोण हे ठरवत बसणं म्हणजे रिकाम्या माणसांचा उद्योग. पण या दोघींच्या बाबतीत तो जन्माच्या दिवशीच उरकला गेला. एक पाव तास आधी आली, ती थोरली झाली. दुसरी मागून आली, ती धाकटी. साठी उलटली तरी दोघी एकमेकींना 'ए थोरले', 'अगं धाकटे' अशीच हाक मारायच्या. त्यांची खरी नावं बँकेत नाहीतर दवाखान्यात तेवढी निघायची, आणि तिथंही हाक आली की दोघींना ओ द्यायला अंमळ वेळच लागायचा.

त्यांच्या आईनं घरात एकच कायदा केला होता. वस्तू एक असली की तिचे दोन भाग करायचे. एकीनं मोडायचं आणि दुसरीनं आधी उचलायचं. बिस्कीट असो, खडू असो, पांघरूण असो. मोडणारीच्या वाट्याला उरलेलं यायचं, त्यामुळे मोडताना ती श्वास रोखून मोडायची. कमीजास्त झालं तर दोष तिचा आणि तोटाही तिचाच. या कायद्यात वाढलेल्या मुली भांडल्या नाहीत असं नाही. झिंज्या धरून भांडल्या. पण वाटणीवरून कधी भांडल्या नाहीत.

चेहऱ्याची वाटणी मात्र आईच्या हातात नव्हती. लहानपणी दोघींना अंघोळ घालताना आईच फसायची, एकीला दोनदा न्हाऊ घालायची. पुढं थोरली पोहायला शिकवायला लागली आणि धाकटीनं चष्म्याचं दुकान काढलं. थोरलीचा तलाव उघड्यावरचा. वर छप्पर नाही, पाण्यात औषध, डोक्यावर ऊन, आणि जेवढं ऊन वरून तेवढंच पाण्यावरून उलटं तोंडावर. धाकटी काचेच्या आत, गार हवेत, भिंगं पुसत बसलेली. एकाच ताग्यातली दोन कापडं, एक वर्षानुवर्षं दोरीवर वाळत घातलेलं आणि दुसरं कपाटात घडी करून ठेवलेलं, असं त्यांचं झालं.

तलावावरची मुलं थोरलीला मगरबाई म्हणायची. ती पाण्याखालून येऊन पाय धरायची म्हणून, आणि तिच्या कातडीवरून. पहिलं कारण मुलं तोंडावर सांगायची. दुसरं सांगत नसत, पण तिला काय कान नव्हते? तिनं ते नाव हसून पदरात घेतलं. मगरबाई तर मगरबाई. मगरीला कुणी 'घाबरू नकोस' म्हणून थोपटत बसत नाही, हा फायदाच.

एकदा ती धाकटीच्या दुकानात बसली होती. एक गिऱ्हाईक चष्मा घालून बघत होतं, काच बरी बसली होती म्हणायची, कारण ते थोरलीकडं बघून धाकटीला म्हणालं, "तुमच्या आई का?"

धाकटीचा चेहरा पडला. थोरली मात्र फस्सकन हसली. "हो तर. लहानपणी फार किरकिरी होती ही."

गिऱ्हाईकही हसलं, पैसे देऊन गेलं. थोरली हसतच घरी गेली, आणि त्या दिवशी तिनं न्हाणीघरातल्या आरशावरचा दिवा लावला नाही. तिला लागलं होतं. चांगलं जिव्हारी लागलं होतं. पण मगरीला लागतं हे कुणाच्या डोक्यात येणार?

धाकटीची मुलगी कातडीची डॉक्टर होती. पोर हुशार, गोड बोलणारी आणि धडाडीची. मावशीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. लहानपणी ती पाण्यात तोंड घालायला इतकी घाबरायची, की आख्खा उन्हाळा मावशी भर दुपारी, तलाव रिकामा असताना, छातीएवढ्या पाण्यात तिला धरून उभी राहिली होती. इतर मुलांसमोर पोरीला लाज वाटायची, म्हणून दुपार. पोरगी शेवटी मासोळीसारखी पोहली. पण एकुलती एक. तिला आयुष्यात काही मोडावं लागलं नाही, आणि आपल्याआधी कुणी उचलेल ही धास्तीही कधी पडली नाही. आता ती स्वतःचा दवाखाना काढत होती, आणि एका रविवारी दोघींना समोर बसवून तिनं बेत सांगितला.

"कातडीच्या खाली कोलाजेनच्या धाग्यांची वीण असते," ती म्हणाली. "खाटेच्या पट्ट्या असतात ना, तशी. वय झालं, ऊन लागलं, की पट्ट्या सैल पडतात आणि वरची चादर चुरगळते. पेप्टाइड म्हणजे प्रथिनांचे बारके बारके तुकडे. ते कातडीला निरोप देतात, की बाई गं, इथं उसवलंय, विणायला बस."

"आणि ती ऐकते?" थोरलीनं विचारलं.

"थोडंफार ऐकते. जादू नाही मावशी, हळूहळूचं काम आहे. सुरकुती जरा मऊ पडते, कातडी जरा धरून राहते. पण लोकांना डोळ्यांनी दाखवल्याशिवाय पटत नाही. म्हणून तुम्ही दोघी. जुळ्या बहिणी म्हणजे डॉक्टरला घबाड. एकीला पेप्टाइडची बाटली, एकीला नुसत्या मलमाची. बाटल्या सारख्या, वास सारखा. दर महिन्याला फोटो काढायचा."

"कुणाला कुठली?"

"चिठ्ठी टाकून ठरवणार. मी सांगणार नाही आणि तुम्ही विचारायचं नाही."

थोरलीला हे आवडलं. चिठ्ठी म्हणजे न्याय. आईच्या कायद्याची धाकटी बहीणच. आणि आणखी एक खरी गोष्ट होती. तिला सुंदर दिसायचं होतं. तरुण नव्हे, तरुणपण तिनं भरपूर वापरून घेतलं होतं. पण कुणीतरी आपल्याकडं बघून आधी 'आई का?' विचारू नये, एवढं तरी. साठीनंतर एखाद्या बाईला असं वाटलं तर कुणाच्या तीर्थरूपांचं काय जातं? शेजारीण म्हणालीच, "म्हातारपणी कसले हे चोचले." थोरलीनं शांतपणे सांगितलं, "तरुणपणी वेळ नव्हता."

ती कामाला लागली ती शिकवते तशीच, म्हणजे नेमानं. तलावातून निघाली की गोड्या पाण्यानं तोंड धुवायची, टिपून कोरडं करायची आणि बाटलीतलं मलम गालांवर, कपाळावर, मानेवर बोटांच्या टोकांनी बसवायची. रुंद काठाची टोपी घेतली. मुलं म्हणाली, मगरबाई टोपी घालून मुळीच मगर दिसत नाहीत. ती म्हणाली, "हेच तर. आता ओळखूही येणार नाही, आणि पाय धरीन."

महिने गेले. धाकटीच्या डोळ्यांच्या कडेच्या रेघा जरा निवळल्या. गालांवर तजेला आला, गिऱ्हाइकं विचारायला लागली. थोरलीचा चेहरा होता तिथंच होता. दवाखान्यात फोटोच्या वेळी हनुवटी टेकवायचा एक धातूचा टेकू होता, त्यावर हनुवटी ठेवून ती पडद्यावर स्वतःकडं बघायची आणि समजायची. चिठ्ठी आपल्यावर उलटली. तिनं मनाला सांगितलं, पदरी पडलं पवित्र झालं. चिठ्ठीवर रुसणं म्हणजे खेळात रडणं. ते तिनं कधी कुणाला करू दिलं नव्हतं, स्वतःला कशी करू देईल?

मग एक दिवस ती फोटोसाठी गेली तेव्हा पाटीवाला बाहेरच्या दालनाची भिंत मापत होता. रंग नुकताच झालेला, खुर्च्यांवर अजून प्लास्टिक. त्यानं तिच्या रापलेल्या तोंडाकडं नीट बघितलं आणि ओळखल्यासारखा हसला.

"डावीकडच्या तुम्हीच ना?"

"कसली डावी?"

त्यानं भाबडेपणानं मोबाइल पुढं केला. भिंतीचं चित्र होतं. डावीकडं मोठ्या फोटोची रिकामी चौकट, खाली अक्षरं, 'काळजी घेतली नाही तर'. उजवीकडं दुसरी, तिच्याखाली 'काळजी घेतली तर'. डाव्या चौकटीत मावशी असं लिहिलं होतं, उजव्या चौकटीत आई.

"फोटो तेवढे बसवायचेत," पाटीवाला म्हणाला. "बाकी मॅडमनी केव्हाच पक्कं केलंय. त्या बाटल्या वाटायच्या होत्या ना, त्याच्याही आधी. फार पुढचा विचार करतात मॅडम."

आधी कळस, मग पाया. थोरली आत गेली. भाची पडद्यावर काहीतरी बघत होती.

"चिठ्ठी टाकली होतीस का गं?" थोरलीनं विचारलं.

भाचीला क्षणभर काही कळलंच नाही, इतकी ती गोष्ट तिच्या डोक्यातून गेली होती. "चिठ्ठी? अगं, ते... नाही टाकली. नीट विचार केला ना मी. तू एवढी उन्हात भाजलेली, तुला दिलं असतं तर थोडका फरक फोटोत दिसलाच नसता. आईचा दिसतो."

"म्हणजे मला साधं मलम मिळणार हे ठरलेलं होतं. आणि माझा फोटो डावीकडं लागणार, हेही."

"मावशी, दवाखान्यासाठी आहे गं ते. आणि तुला काय फरक पडतो? तू आयुष्यात कधी साधी पावडर लावली नाहीस."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बरं, पोरीच्या मनात पाप नव्हतं. ती प्रेमानंच बोलत होती, मावशी कशी साधी, कशी मोकळी, असं कौतुक होतं त्यात. याचीच तर चीड येते. माणसानं पावडर लावली नाही म्हणजे त्याला चेहरा नसतो का? तक्रार केली नाही म्हणजे दुखत नाही का? घरातल्या एका माणसाला सगळे मिळून 'तिला काय फरक पडतो' म्हणून टाकतात, आणि मग तिच्या वाटचं उचलून मोकळे होतात.

थोरली एवढंच म्हणाली, "खरंय," आणि हनुवटी टेकवायची सोडून बाहेर पडली.

ती थेट चष्म्याच्या दुकानात गेली. धाकटी एका काडीचा स्क्रू पिळत होती. थोरलीनं पिशवीतली बाटली काउंटरवर ठेवली.

"यात नुसतं मलम आहे. तुझ्यात खरं औषध आहे. पोरीनं चिठ्ठी टाकलीच नाही. तिनं आधीच ठरवलं होतं, आणि माझा फोटो भिंतीवर लावणार आहे, काळजी घेतली नाही तर असं तोंड होतं म्हणून."

धाकटीनं स्क्रू खाली ठेवला. "फोटोचं मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. मग एक भिंग उचलून पुसायला लागली. "माझ्यात खरं आहे, हे मला वाटलंच होतं."

"कधीपासून?"

"तिसऱ्या महिन्यापासून. आरशात कळत होतं गं. पोरीनं मुद्दाम केलं असेल असंही मनात आलं, आणि मी मूग गिळून बसले."

"का?"

"बरं वाटत होतं म्हणून." धाकटीनं सरळ तिच्याकडं पाहिलं. "लहानपणापासून शर्यतीत तू, पदकं तुझी, शाळेच्या फोटोत पहिल्या रांगेत तू. मी आपली तुझी बहीण. माझ्याकडं चेहरा तेवढा होता, आणि या वयात कुणीतरी त्याला शाबासकी देत होतं. म्हटलं, एकदा तरी मी पुढं."

थोरलीला राग आला. दुकानातल्या सगळ्या काचा फोडाव्यात असा आला. आणि त्याच रागात तिला हसूही यायला लागलं, कारण ती इतकी वर्षं या बयेच्या गालांवर जळत होती आणि ही बया तिच्या पदकांवर. दोघींचं ताट भरलेलं, आणि दोघी एकमेकींच्या ताटात बघून उपाशी.

"भिंतीवर तुझा फोटो लागू देणार नाही मी," धाकटी म्हणाली. "आजच जाऊन तिला दटावते."

"तू मध्ये पडू नकोस. भिंत माझं मी बघते. तू बाटलीचं बोल."

धाकटी उठली. मागच्या फळीवरून चहाची वाटी आणि चमचा आणला, स्वच्छ पुसला. स्वतःच्या पिशवीतून आपली बाटली काढली. दोन्ही बाटल्या वाटीत उपड्या केल्या, पार तळ ठोकून रिकाम्या केल्या आणि चमच्यानं एकजीव ढवळलं. मग ते मलम पुन्हा दोन बाटल्यांत भरलं. भरताना डोळ्यांवर दुकानातला सगळ्यात जाड चष्मा चढवला होता. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या, एकीतलं टोकभर मलम काढून दुसरीत घातलं, पुन्हा बघितलं.

"मोडली मी," ती म्हणाली. "उचल तू."

थोरलीनं खाली वाकून दोन्ही बाटल्या नीट न्याहाळल्या आणि जिच्यात किंचित जास्त होतं ती उचलली. बहिणीनं माफी मागितल्यावर कमीची बाटली उचलून मोठेपणा दाखवायचा, असल्या नाटकात ती पडली नाही. कायदा तो कायदा.

त्यानंतर दर महिन्याला नवी बाटली आली की दुकानात वाटी निघायची. एका महिन्यात एक मोडायची, पुढच्या महिन्यात दुसरी. निम्मं औषध आणि निम्मं मलम, दोघींच्या तोंडाला सारखंच. धाकटीच्या गालांची प्रगती थांबली, आणि तिनं त्याबद्दल एक चकार शब्द काढला नाही. थोरलीच्या डाव्या डोळ्याखालची एक घडी जरा मऊ झाली. निदान तिला तसं वाटलं. तिला वाटलं म्हणजे वाटलं, आपण कोण विचारणारे.

फोटोच्या दिवशी भाची पडद्याकडं बघून कपाळाला आठ्या घालायची. "आई, तू नीट लावत नाहीस का हल्ली?"

"लावते की. पोटभर लावते."

"मग असं कसं?"

"वय झालं गं माझं," धाकटी म्हणायची, आणि थोरली भिंतीवरच्या कॅलेंडरकडं फार लक्षपूर्वक बघायची.

शेवटी भाचीनं ठरवलं, की आधीचेच फोटो वापरायचे, जेव्हा फरक छान दिसत होता तेव्हाचे. उद्घाटनाची निमंत्रणं गेली. त्या आठवड्यात धाकटीला राहवेना. "अजून वेळ आहे. मी सांगितलं तर ती काढेल तुझा फोटो."

"माझा फोटो मला विचारून काढायला हवा, तुला विचारून नव्हे," थोरली म्हणाली. "आणि मला न विचारता लावायलाही नको. मोडू दे तिला. उचलायला मी आहे."

उद्घाटन दुपारचं होतं. थोरली तलावावरून तशीच आली, केस ओले, अंगावर धुतलेले साधे कपडे. दालन माणसांनी भरलेलं. इतर डॉक्टर होते, शेजारपाजारचे होते, चष्म्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं होती, हातात चहाचे कप. भाचीनं चार शब्द बोलून भिंतीवरचं कापड ओढलं.

दोन्ही फोटो माणसाच्या उंचीचे होते. धाकटीचा समोरून उजेड टाकून घेतलेला, ओठांवर हसू. थोरलीचा बाजूच्या उजेडातला, त्यामुळे प्रत्येक रेघेला स्वतःची सावली. कपाळावरची नांगरट, गालांवरचे डाग, मानेची सैल कातडी, आणि टेकूवर ठेवलेली ती गंभीर हनुवटी. फोटोवरच खाली चिकटवलेली ती अक्षरं. एक हळहळल्याचा आवाज दालनभर फिरला, आणि थोरलीच्या शेजारची एक बाई तिला न ओळखता म्हणाली, "बिचारीनं किती दुर्लक्ष केलं बघा."

थोरलीला उभ्या आयुष्यात कुणी बिचारी म्हटलं नव्हतं. मगर म्हटलं होतं, खडूस म्हटलं होतं, एका बापानं तर राक्षसीण म्हटलं होतं, आणि त्याचा मुलगा नंतर शर्यत जिंकला. बिचारी हा शब्द तिच्या अंगावर पालीसारखा पडला. ती पुढं निघाली, तशी माणसं बाजूला झाली.

भाचीला वाटलं, मावशी कौतुकाला आली. "ये मावशी. आई, तूही ये. दोघी आपापल्या फोटोखाली उभ्या राहा, एक फोटो घेऊ."

थोरली आपल्या फोटोखाली उभी राहिली. धाकटी जागची हलली नाही.

"पोरी, ह्या भिंतीचे दोन भाग कुणी केले?" थोरलीनं विचारलं. आवाज तलावावरचा होता, पलीकडच्या काठाला पोचणारा. दालनातले कप थांबले.

"मी केले."

"आणि कुठला भाग कुणाला, तेही तूच ठरवलंस."

"मावशी, आत्ता नको ना."

"आत्ताच. तू लपवून ठरवलंस, मी चारचौघांत विचारते. आमच्या घरात मोडणारीनं आधी उचलायचं नसतं. तुझी आजी एवढा एकच कायदा ठेवून गेली, आणि तो तुला कधी लागलाच नाही. तू मला चिठ्ठी सांगितलीस. मी कित्येक महिने ते मलम तोंडाला लावलं आणि आपलं नशीबच खोटं म्हणून गप्प राहिले. नशीब नव्हतं ते. तू होतीस."

"मला वाटलं तुला..." भाची म्हणायला लागली.

"काही फरक पडत नाही. पडतो. मला फरक पडतो. मला चांगलं दिसायचंय, या वयात, या तोंडानं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. आणि हे तोंड आहे तसं भिंतीवर लागलं तरी मला लाज वाटत नाही. पण लोकांना भीती घालायला ते लावायचं नाही. तेवढ्यासाठी मी ते उन्हात धरलं नव्हतं. कशासाठी धरलं होतं, ते इथं एकीला ठाऊक आहे."

भाचीनं मान खाली घातली. तलावातल्या त्या दुपारी तिला ठाऊक होत्या.

"आता तू मोडलंयस," थोरली म्हणाली, "तर मी उचलते." तिनं पाटीवाल्याकडं बघितलं. तो बिचारा भिंतीला चिकटून उभा होता. त्यानं एकदा मॅडमकडं पाहिलं, मॅडमची मान खालीच होती, आणि त्यानं डावीकडचा फोटो खिळ्यावरून उतरवून तिच्या हातात दिला. फोटो तिच्याएवढाच होता. तिनं तो बुडणारं पोर धरावं तसा काखेत धरला. "आणि औषधाची खरी बाटली दे."

भाची आत गेली आणि एक बाटली घेऊन आली. "एवढीच आहे," ती हळूच म्हणाली. "बाकी पुढच्या आठवड्यात येतील. ही आईची."

तेव्हा धाकटी पुढं आली. पाहुण्यांच्या टेबलावरच्या दोन रिकाम्या वाट्या उचलून तिनं लेकीसमोर ठेवल्या.

"मग मोड," ती म्हणाली.

भरल्या दालनात, नव्या दवाखान्याची मालकीण, पांढरा कोट घालून, टेबलावर ओणवी होऊन दोन वाट्यांत मलम काढत राहिली. एकीत जरा, दुसरीत जरा. डोळे वाट्यांच्या पातळीला आणून बघायची, टिंबभर इकडून तिकडं करायची. समोर आई आणि मावशी, दोघी सारख्याच एक हात कंबरेवर ठेवून, उचलायला थांबलेल्या.

"झालं," ती शेवटी म्हणाली. रडत होती, पण वाट्या अगदी सारख्या होत्या.

"आधी तू उचल, थोरले," धाकटी म्हणाली. थोरलीनं उचलून फोटो धरलेल्या हातात घेतली. मग मोकळ्या हातानं तिनं भाचीच्या डोक्यावर एक टपली मारली, तलावावर मारते तशी, आणि काखेत स्वतःला घेऊन भर दुपारी रस्त्यानं चालू लागली. लोक वळून बघत होते. बघेनात का.

तलावाच्या दारात नियमांची पाटी होती, धावू नये, ढकलू नये. तिच्या शेजारी तिनं फोटो टांगला. मग खालच्या चिकटवलेल्या अक्षरांजवळ बसली आणि शेवटचे दोन शब्द नखानं खरवडायला लागली. अक्षरं चिवट होती, पण नखंही तिचीच होती. 'तर' निघालं. 'नाही' जरा वेळ घेऊन निघालं.

पहिली मुलं आली ती दारातच थबकली. फोटोकडं बघितलं, मगरबाईंकडं बघितलं, आणि खाली उरलेलं मोठ्यानं वाचलं.

"काळजी घेतली."

"वाचून झालं असेल तर चला पाण्यात," मगरबाई म्हणाली, आणि टोपी घालून उन्हात उतरली.